वहीत नसलेली माणसं

क्षमावाणीच्या दिवशी आमच्या घरात सकाळपासून फोन वाजत असतो. दशलक्षण पर्व संपलेलं असतं, उपवासांची पारणी झालेली असतात, आणि जो तो दुसऱ्याला म्हणत असतो, "वर्षभरात मनानं, वाचेनं, कायेनं काही दुखावलं असेल तर क्षमा करा." मी तर यादीच करून बसते. कारंजाचं माहेर, देवासचं सासर, धारचे जुने शेजारी. कोणी राहायला नको.

गेल्या वर्षी मी यादी करत होते आणि लेक समोर बसून चहा पीत होती. ती पिथमपूरच्या एका कापड गिरणीत कामाला आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकांना माल कुठून आला, कसा आला, याचे कागद पुरवायचे हे तिचं काम. त्याला ती सप्लाय चेन म्हणते. माझ्या यादीकडे बघून ती सहज म्हणाली, "आई, आमच्याकडचा एखादा सदरा दाखव. त्याचा कापूस कुठल्या जिनिंगमधून आला, कुठल्या गाठीतला, सूत कुठल्या दिवशी कातलं, सगळं सांगते. फक्त तो वेचला कोणी ते विचारू नकोस. तो रकानाच नाही."

ती चहाचा कप ठेवून निघून गेली. माझी यादी मात्र तिथेच थांबली. ज्यांचं नावच माहीत नाही त्यांची क्षमा कशी मागायची?

मी व्यापाऱ्याच्या घरातली सून. देवासच्या मंडीत आमची अडत होती. सासरे पहाटे अंघोळ, पूजा आटोपून जायचे आणि संध्याकाळी लाल कापडाची वही काखेत घेऊन यायचे. त्या वहीवर त्यांचा फार जीव. वीस वर्षांपूर्वीच्या सौद्यात किती पोती, किती भाव, हम्मालाचे किती, तुलावटीचे किती, सगळं बोट ठेवून दाखवायचे. तुलावटी म्हणजे मंडीत माल तोलून देणारा माणूस. मामंजी म्हणायचे, "काट्याला जात नसते, सूनबाई. काटा सगळ्यांशी सारखा बोलतो."

मला ते खरं वाटायचं. आजही अर्धं खरं वाटतं. पण त्या वहीत शेतकऱ्याचं म्हणून जे नाव असायचं ते पुरुषाचं. सोयाबीन पेरताना मागून चालणारी, पावसाच्या उघडिपीत दिवसभर वाकून निंदणारी, कापणीला विळा घेऊन उभी राहणारी बाई वहीत कुठेच नसायची. आणि मामंजींना दोष का द्यावा? सरकारच्या 2015-16 च्या कृषी गणनेत जमीन कसणारे खातेदार म्हणून ज्यांची नोंद झाली, त्यांत बायका सुमारे 14 टक्के होत्या. शेतात जाऊन डोळ्यांनी मोजलं तर हा आकडा कोणाला पटेल? मोजणारा जमिनीचा कागद बघतो, हात बघत नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते आमच्याच घरचं आहे.

लग्नानंतरची बरीच वर्षं आम्ही धारला होतो. चुलत सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं, ते यांनी सांभाळायला घेतलं होतं. 2003 च्या हिवाळ्यात आम्ही घरावर एक मजला चढवला. ठेकेदार होता, पण मजुरांचा रोजचा हिशेब माझ्याकडे. मी बी.ए. झालेली, अक्षर चांगलं, म्हणून हे काम मला मिळालं आणि मला त्याचा अभिमानही होता. शाळेची शंभर पानी वही घेतली, रूळानं रकाने आखले. तारीख, सिमेंटची पोती, वाळूची ट्रॉली, विटा, मजुरी.

मजुरांत कुक्षीकडची एक भिलाला बाई होती. डोक्यावर एका वेळी आठ विटा घेऊन जिना चढायची. दुपारी भाकर खायला बसली की बोलायची. एकदा म्हणाली, आदमी गोध्र्याला कामाला गेला होता. दगडाचं पीठ करायचा कारखाना. पैसे बरे मिळायचे. आता परत आलाय, पण दम लागतो, चालवत नाही, डॉक्टर टी.बी. म्हणतो, गोळ्या घेऊन फरक नाही. मी तिला घरातली खोकल्याच्या औषधाची बाटली दिली आणि हळद घालून दूध द्यायला सांगितलं. मनाला बरं वाटलं. चार महिन्यांनी काम संपलं, ती गेली.

मग 2016 सालच्या मे महिन्यात देवासला वर्तमानपत्रात बातमी वाचली. धार, झाबुआ, अलिराजपूर या जिल्ह्यांतले आदिवासी गुजरातेत गोध्रा, बालासिनोरकडच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जात. ती पांढरी पूड काचेच्या, चिनी मातीच्या कामाला लागते. दळताना उडणारी धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते आणि मग निघत नाही. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. त्याला औषध नाही, आणि पुष्कळदा तो टी.बी. समजूनच उपचार होत राहतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं 2010 मध्ये अशा 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. पैसे हलले नव्हते. शेवटी 2006 पासून चालू असलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये गुजरात सरकारला ते द्यायचा आदेश दिला.

238. मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. त्यात तो असेल का? मग उठून माळ्यावरची जुनी ट्रंक काढली. बांधकामाची वही जपून ठेवलेली होती. पान उलटलं. सिमेंट 12 पोती. विटा 1500. आणि मजुरीच्या रकान्यात माझ्या सुंदर अक्षरात: पुरुष 2, बाया 3.

चार महिने रोज. पुरुष 2, बाया 3.

विटांचा आकडा चुकला तर मी ठेकेदाराशी भांडले असते. तिचं नाव मी कधी विचारलं होतं की नाही हेही आठवेना. तिच्या नवऱ्याचं तर प्रश्नच नाही. त्या 238 जणांत त्याला शोधायला माझ्याजवळ काही नव्हतं.

मैत्रिणींनो, आपण जिवांची मोजणी करणाऱ्या घरांत वाढलो. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीव कुठे कुठे असतात हे आपल्या आज्यांना पाठ होतं. माझी आजी कारंजाला विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायची आणि तिथेच थांबायची नाही. कापडावर जे राहिलं ते ती धुऊन पुन्हा त्याच विहिरीत हळूच सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात. लहानपणी मला तो खुळेपणा वाटायचा. डोळ्यांना न दिसणाऱ्याचा पत्ता लक्षात ठेवायचा म्हणजे काय! पण आज लेक ज्याला गिरणीत मोठं शास्त्र म्हणून शिकली, वस्तू आली कुठून याचा माग ठेवणं, ते आजी बादलीभर पाण्यासाठी रोज करत होती.

आणि अहिंसेच्या व्रताला दोष कशानं लागतो, ते आपल्या तत्त्वार्थसूत्रात किती व्यवहारी शब्दांत सांगितलंय! नुसतं मारणं नाही. बांधून ठेवणं, अंगाला इजा करणं, झेपणार नाही एवढा भार लादणं, वेळेवर अन्नपाणी न देणं. अतिभारारोपण हा शब्द मी पाठशाळेत पाठ केला तेव्हा डोळ्यांसमोर बैलगाडी यायची. आठ विटा घेऊन जिना चढणारी बाई कधी आली नाही. अचौर्याच्या व्रतातही तसंच. चोरीचा माल विकत घेणं, खोटं माप, भेसळ करून नकली ते असली म्हणून खपवणं, सगळे दोष नावानिशी सांगितलेले. हे व्यापाऱ्यांसाठी सांगितलंय असं आपण समजतो. पण चोरीचा माल विकत घेणारी तर मीही असते. ज्या मजुरीतून कोणाचा घास कापला गेला, ती स्वस्ताई चोरीचीच नाही का?

इथे कोणी म्हणेल, आपण कुठे कोणाला मारलं? कारखाना गुजरातेत, मालक दुसरा, पूड तिसऱ्यानं घेतली, काच चौथ्यानं केली. मी फक्त दुकानातून ग्लासांचा सेट आणला. हे म्हणणं मला बराच काळ पुरलं. पण आपल्याकडे पाप तीन वाटांनी येतं असं सांगितलंय: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि कोणी करत असताना त्याला मान्यता दिलेलं. कृत, कारित, अनुमोदित. पैसे मोजून वस्तू घरी आणणं ही मान्यता नाही तर काय आहे? माहीत नव्हतं, हे खरं. पण माहीत करून घ्यायची मला गरजही वाटली नव्हती, हेही खरं.

तेव्हा माणसं मोजली गेली पाहिजेत हे मला पटलं. ते 238 जण तरी न्यायालयापर्यंत कसे पोहोचले? बहुतेकांच्या हातात नोकरीचा कागद नव्हता. अशा वेळी गावोगाव फिरून, घरोघरी विचारून, कोण कुठे कामाला गेलं, कधी परतलं, कधी वारलं अशी यादी करणारे कार्यकर्ते होते म्हणून ते झालं. एका अर्थानं त्यांनी कारखान्याची न लिहिलेली हजेरी नंतर लिहिली. आकडे कोरडे असतात असं आपण म्हणतो. तिथे विधवेच्या हाती 3 लाख रुपये पडायला आकडाच लागला.

पण नुसतं मोजून भागतं का? इथे माझं मन अडतं.

2000 सालच्या जूनमध्ये मध्य प्रदेशातल्या सोयाबीनवाल्या गावांपासून आयटीसी कंपनीची ई-चौपाल सुरू झाली. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक. मंडीत जायच्या आधीच भाव कळायचा, आणि कंपनीच्या केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन व्हायचं. आमच्या मामंजींना ते आवडलं नव्हतं, अडतीवर गदा येणार हे त्यांनी लगेच ओळखलं. मला वाटतं शेतकऱ्याचं त्यात भलं झालं. बैलगाडी किंवा ट्रॉली भरून मंडीत आलेला माणूस माल परत नेऊ शकत नाही, मिळेल त्या भावाला देतो. घरी बसून भाव कळणं ही त्याच्या हातातली ताकद होती. पण निंदणी करणाऱ्या बाईला त्या पडद्यावर काही दिसत नव्हतं. तिच्या रोजाचा भाव तिथे लागत नव्हता. माहिती आली, पण ज्याच्याजवळ विकायला माल होता त्याच्यापर्यंतच.

आणि माहिती खोटीही असते. जैविक कापडाला प्रमाणपत्र देणारी गॉट्स नावाची जागतिक व्यवस्था आहे. 2020 मध्ये तिनंच जाहीर केलं की भारतात सुमारे 20,000 टन कापसाची बनावट कागदपत्रं झाली आहेत. म्हणजे कागद चोख, शिक्के चोख, आणि कापूस साधा. जुन्या काळी खोटं वजन दगडाचं असायचं, आता ते कागदाचं झालं. नकली ते असली म्हणून खपवण्याचा दोष तोच.

मग खरं-खोटं कोण ठरवणार? मला उत्तराची थोडी दिशा बसमध्ये मिळाली. इंदूरहून देवासला येताना शेजारी बागलीकडची एक बाई बसली होती. बागली आमच्याच जिल्ह्यातली तहसील, माळव्याचं पठार जिथे नर्मदेकडे उतरायला लागतं तिथली. त्या भागात समाज प्रगती सहयोग ही संस्था 1990 पासून पाण्याचं, शेतीचं आणि बचत गटांचं काम करते. त्या गटांतल्या बायकांची 2012 पासून राम रहीम प्रगती नावाची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. अशी कंपनी काढायची सोय कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं झाली: भागधारक शेतकरीच, मालकही तेच. गावातच माल गोळा करायचा, तोलायचा, आणि सगळ्यांचा मिळून विकायचा.

त्या बाईंनी कमरेच्या बटव्यातून घडी घातलेला कागद काढून मला दाखवला. मालाची पावती. "माझं नाव आहे," म्हणाल्या. वाचता येत नव्हतं त्यांना, पण आपलं नाव कुठे आहे तिथे बोट बरोबर ठेवलं. मग वजनावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे माझ्यासमोर झालं."

मामंजींच्या बोटाची आठवण आली. तेही असंच वहीवर बोट ठेवायचे. फरक एवढाच, की तिथे लिहिणाऱ्याचं बोट होतं आणि इथे जिच्याबद्दल लिहिलं तिचं. माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. ज्याची मोजणी झाली त्याला ती बघता आली पाहिजे, समजली पाहिजे, आणि चूक असेल तर "हे असं नाही" म्हणता आलं पाहिजे. तो अधिकार नसेल तर वही कितीही मोठी करा, ती मालकाचीच वही. काटा सगळ्यांशी सारखा बोलतो हे मामंजींचं म्हणणं अर्धं खरं वाटतं ते यासाठी. काटा सारखा बोलत असेल, पण तो ऐकायला समोर कोणाला उभं राहू दिलं जातं?

हा विचार आता लांबचा राहिलेला नाही. धार जिल्ह्यात बदनावर तहसिलीतल्या भैंसोला गावी दोन हजारांहून जास्त एकरांवर पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतोय. 17 सप्टेंबर 2025 ला त्याचं भूमिपूजन झालं. कापसापासून शिवलेल्या कपड्यापर्यंत सगळं एका जागी. लाखो रोजगारांची गोष्ट चालली आहे. होऊ दे, चांगलंच आहे. कुक्षी, गंधवानी, मनावरच्या पोरांना दगडाच्या पिठासाठी गुजरातेत जावं लागू नये, यापेक्षा चांगलं काय? पण जी मुलगी तिथे शिवणयंत्रावर बसेल ती हजेरीत नावानं असेल की "बाया 3" मध्ये? तिला ठेकेदारामार्फत ठेवलं तर तिची पावती कोणाजवळ? तिच्या छातीत कापसाची धूळ गेली तर वीस वर्षांनी तिच्या मुलांना ती तिथे होती हे सिद्ध करता येईल का?

आमच्या महिला मंडळात हे बोलले तेव्हा एक काकू म्हणाल्या, "अगं, एवढं विचारत बसलं तर भाजी घेणंसुद्धा मुश्कील होईल. आपण काय मुनी आहोत का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण काकूंचा प्रश्न खोटा नाही. प्रत्येक वस्तूच्या मागे जाता येत नाही. महाव्रत मुनींचं, आपल्याला अणुव्रत सांगितलंय, झेपेल एवढं, मर्यादा घालून. माझ्या समजुतीप्रमाणे अणुव्रत ही सूट नाही, सुरुवातीची जागा आहे. सगळ्या जगाचा माग नाही काढता येत, म्हणून घराच्या उंबऱ्यापर्यंतचाही काढायचा नाही, असं थोडंच आहे?

म्हणून मी घरापासून धरलं. आमच्याकडे धुणं-भांड्याला, स्वयंपाकाच्या मदतीला, इस्त्रीला, बागेला जी माणसं येतात त्यांच्यासाठी एक वही केली. पूर्ण नाव, गाव, पगार, रजा, उचल. महिनाअखेरीला ती त्यांना वाचून दाखवते आणि विचारते, बरोबर आहे का? पहिल्याच महिन्यात धुण्याच्या बाईंनी सांगितलं, "दोन दिवस तुम्ही गावाला होतात म्हणून मला येऊ नको म्हणालात, ते तुम्ही खाडे धरलेत." मी धरले होते. वर्षानुवर्षं धरत आले असेन. त्यांनी कधी विचारलं नाही, कारण त्यांना वही कधी दिसलीच नव्हती. मागचा हिशेब कसा करायचा ते दोघींनाही उमजेना. शेवटी आम्ही बसून अंदाजानं एक रक्कम ठरवली. ती कमीच असणार, हे मला माहीत आहे.

लेकीनंही गिरणीत विचारलं, जिनिंगमध्ये कापूस उचलणाऱ्या बायकांची नावं आणि रोज आपल्या फॉर्ममध्ये घेता येतील का, आणि ते त्यांना वाचून दाखवता येतील का? वरचे म्हणाले, "गिऱ्हाईक मागत नाही तर आपण कशाला?" ती पुन्हा विचारणार आहे. तिला काय उत्तर मिळेल ते मला माहीत नाही. पण गिऱ्हाईक मागत नाही, हे वाक्य मला आपल्या सगळ्यांना उद्देशून वाटलं. शेवटी गिऱ्हाईक कोण? परदेशातली ती, आणि इथली मी, तुम्ही. आपण दुकानात रंग पक्का आहे का विचारतो, धुतल्यावर आटेल का विचारतो. कोणाच्या हातचं आहे, त्यांना पुरेसं मिळतं का, हे दहा वेळा विचारलं तर नऊ वेळा दुकानदार हसेल. दहाव्यांदा तो आपल्या व्यापाऱ्याला विचारेल. मंडीत वाढलेल्या घरात राहून एवढं मला कळतं, की मागणी असलेली वस्तू आज ना उद्या बाजारात येतेच.

यंदाची क्षमावाणी आता जवळ आली आहे. धारच्या बांधकामाची वही मी ट्रंकेत परत ठेवलेली नाही, टेबलाच्या खणात आहे. यादी करायला बसेन तेव्हा सगळ्यांच्या शेवटी एक ओळ लिहिणार आहे: कुक्षीकडची ती बाई आणि तिचा माणूस, नावं माहीत नाहीत. फोन लावायला नंबर नाही. तरी ओळ राहील.